आप्पांचा साडेपाचचा रिपोर्ट

मंदारचा फोन मी मीटिंगमध्ये दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला, तर माझा नवरा एवढंच म्हणाला, "आप्पा तळ्याजवळच्या बाकावर बसलेले सापडले... गेले गं." त्याला आता दीड महिना होईल. आप्पा म्हणजे माझे सासरे. दोन हजार तीनमध्ये ते अमेरिकेत, ईडन प्रेरीला आमच्याकडे राहायला आले. त्याआधीची सगळी नोकरी फौजेत, तीही टेहळणीच्या तुकडीत.

इथे येऊन माणूस स्वस्थ बसेल तर शपथ! रोज पावलं मोजत आसपासचे रस्ते पालथे घालायचे. गेले त्या वाटेनं परतायचं नाही, जागेवर काही लिहायचं नाही, सगळं डोक्यात. आणि संध्याकाळी साडेपाचला, मी घरी आले की चहाबरोबर रिपोर्ट : कुठल्या वळणावर बर्फ आधी धरतो, कुठला कुत्रा मोकळा असतो. आमचा नील विचारायचा, "आजोबा, वेअर यू अ स्पाय?" आप्पा हसायचे. "नाही रे. लढायला नाही जायचं. मागून येणाऱ्यानं पाय कुठे ठेवावा, ते बघायचं आणि परत येऊन सांगायचं. न सांगितलेली टेहळणी म्हणजे न केलेली." पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी सांगितलेल्या वळणावर मी गाडी हळू घेतली, आणि पुढची गाडी घसरून खड्ड्यात गेलेली पाहिली.

आणि तरीही मी... गेल्या उन्हाळ्यात कामानं नुसता पिट्टा पडला होता. एका संध्याकाळी त्यांनी सुरुवात केली आणि मी फटकन बोलले, "आप्पा, इथे कुठे शत्रू आहे? पुरे आता हे रिपोर्ट." "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गप्प चहा प्यायचे आणि खोलीत जाऊन वहीत काहीबाही लिहीत बसायचे. मला मेलीला वाटलं, सुटले.

तेराव्यानंतर ती वही उघडली. तेच रस्ते, तीच वळणं, तळ्यातली बदकं. शेवटच्या पानांवर मात्र : "तळ्यापर्यंत. एकदा थांबलो." "तळ्यापर्यंत. तीनदा थांबलो. डाव्या हातात कळ." आणि शेवटी, "बाकापर्यंतच. घाम. सूनबाई दमून येते, सांगितलं नाही."

शत्रू होता. त्यांनी तो हेरला होता, रोज किती जवळ येतोय तेही मोजलं होतं... ऐकायची ती मीच त्यांचं तोंड बंद करून बसले होते.

त्यांची खुर्ची अजून दाराकडे तोंड करूनच आहे. साडेपाचला मी दोन कप चहा करते, एक तिच्यासमोर ठेवते. "सांगा आप्पा," म्हणते, "ऐकतेय मी." चहावर साय धरेपर्यंत बसून राहते.