आमेन म्हणण्याचं काम

मागच्या रविवारी फोनवर तुम्हा दोघांतल्या धाकटीने मला विचारलं, "आजी, देवाने तुला कोणतं टॅलेंट दिलंय?" तुमच्या संडे स्कूलमध्ये घरच्या मोठ्या माणसांना हे विचारून यायला सांगितलं होतं म्हणे. मी उत्तर देण्याआधीच तुमची आई मागून म्हणाली, "आजीचं टॅलेंट टापटीप." टापटीप ही देणगी नव्हे, सवय आहे, आणि ती तुमच्या आईला लागली नाही हा वेगळा विषय आहे. माझी खरी देणगी निराळीच होती. मला आमेन म्हणता येत असे.

हसू नका. आमेन सगळेच म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. पण सगळे ते प्रार्थना संपल्यावर म्हणतात. मी म्हटल्यावर प्रार्थना संपत असे.

ही गोष्ट साठ-सत्तरच्या दशकातल्या नागपूरची. मी मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होते. आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असे. गाणी, वचन, प्रार्थना आणि मग चहा. यजमानीणबाईलाही प्रार्थनेला बसायचं असल्यामुळे चहा आधीच करून, कपांवर बशा पालथ्या घालून ठेवला जाई. व्यवस्था चांगली होती. अडचण एकच होती, ती म्हणजे काका.

काका मंडळीचे पंच. टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. शेवटची प्रार्थना नेहमी तेच करत, आणि तीही टपालासारखीच करत. आधी देश, मग प्रांत, मग जिल्हा, त्यात रामटेक, उमरेड, कुही अशी एकेक गावं, मग शहर, मोहल्ला, गल्ली, घर, आणि शेवटी त्या घरात कोणाचं काय दुखतं ते. एकही पत्ता चुकत नसे. मग त्यांचा आवाज खाली येई. "या आमच्या सर्व विनंत्या..." असं ते म्हणत, आणि खोलीत जीव येई. कोणी पायांच्या मुंग्या झटकी, कोणी पदर सावरी. तेवढ्यात काका खोल श्वास घेऊन म्हणत, "आणि विशेषेकरून..."

विशेषेकरून म्हटलं की गाडी पुन्हा देशापासून सुटे.

एका बुधवारी सभा आमच्या घरी होती. मी पोहे केले होते. तुमचे आजोबा ऑफिसातून थेट येऊन बसले होते आणि त्यांच्या पोटातून येणारे आवाज पलीकडच्या रांगेपर्यंत पोहोचत होते. मला मात्र काळजी चहाची होती. बशीखाली चहावर साय धरते, आणि साय धरलेला चहा पाहुण्यांपुढे ठेवणं मला अजूनही जमत नाही. काका म्हणाले, "या आमच्या सर्व विनंत्या..." आणि श्वास घ्यायला थांबले. त्या फटीत माझ्या तोंडून आमेन निघून गेलं.

मी ठरवून म्हटलं नव्हतं. पण तिसरीच्या वर्गाला "पुस्तकं मिटा" म्हणताना जो आवाज लागतो, तो लागला. सगळ्या खोलीने एकसुरात "आमेन!" म्हटलं, डोळे उघडले, कपबशा वाजू लागल्या. काका तोंड उघडं ठेवून उभेच होते. त्यांच्या जिभेवरचं विशेषेकरून मला अगदी दिसत होतं.

पुढे काही दिवसांनी पाळकसाहेबांनी उपदेश केला. धनी चाकरांजवळ पैसे सोपवून परगावी जातो आणि एक चाकर ते जमिनीत पुरून ठेवतो, तो दाखला तुम्हाला माहीत आहे. देवाने दिलेली देणगी प्रत्येकाने इतरांच्या सेवेसाठी बाहेर काढावी, असं त्यांनी सांगितलं. लगेच स्त्रियांच्या सभेत चौकशी सुरू झाली. एकीला गाता येत होतं, एक क्रोशाचे सुंदर रुमाल विणायची, एकीचा संत्र्यांचा मुरंबा सगळ्या मंडळीत प्रसिद्ध होता. माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी सतरंजीची घडी नीट करत बसले.

पाळकीणबाई म्हणाल्या, "काहून वं, तुमचं आमेन आहे ना!"

बाया हसल्या.

"हसू नका," पाळकीणबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी लग्नानंतर पयल्यांदा गरम चहा पेली."

झालं. माझी देणगी ठरली, आणि सेवाही सुरू झाली. ज्या घरी सभा असे त्या घरून सकाळीच निरोप येई, "बाई, नक्की या, आणि काकांच्या बाजूलाच बसा." मी जात असे, फट सापडली की आमेन म्हणत असे, आणि चहा वाफाळता मिळत असे. गरम चहाची सवय नसल्यामुळे पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांच्या जिभा भाजल्या, पण तक्रार कोणी केली नाही.

काका खुळे नव्हते. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त प्रार्थना करणं सोडलं. कोणी विनंती केली की गळ्यावर हात ठेवून म्हणत, "माह्या घशाले बरं नाही." घसा खरंच बिघडला आहे हे दाखवायला त्यांनी लोकरी मफलर गुंडाळला, आणि एकदा गुंडाळला म्हटल्यावर काढता येईना. थंडी संपली, होळी झाली, एप्रिल लागला. नागपूरच्या त्या उन्हात लोक डोक्याला ओला दुपट्टा बांधून फिरत होते आणि काका गळ्यात लोकरी मफलर घालून सायकलवरून जात होते.

सभा आता सुटसुटीत होऊ लागल्या. तरीही कोणी खूश दिसेना. एका म्हातारीने मला रस्त्यात अडवलं. "बाई, माह्या गुडघ्याचं देवाले कोणी सांगूनच नाही राहिलं," ती म्हणाली. "पहिले काका दर बुधवारी सांगत होते. आता दुखते तं कोणाले सांगू?"

मी तिला मलम सुचवलं. ते तिला आवडलं नाही.

मे महिन्यात आमच्या सिस्टरबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. सिस्टरबाई दवाखान्यात नर्स होत्या. नवरा आजारपणात गेलेला, एकुलती मुलगी एकटीने वाढवलेली. मुलगा छिंदवाड्याचा. चर्चमधला विधी छान झाला आणि सगळे शेजारच्या हॉलमध्ये जेवायला आले. हॉलच्या भिंती नुकत्याच रंगवलेल्या असल्यामुळे तिथे चूल पेटवायला मनाई होती. म्हणून स्वयंपाक सक्करदऱ्याच्या पुढे, सिस्टरबाईंच्या भावाच्या अंगणात, आणि तिथून पातेली बैलबंडीने यायची होती. पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, मीठ वाढलं, कांद्याच्या चकत्या वाढल्या. वराकडच्या लोकांनी मिठाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

तेवढ्यात सिस्टरबाईंचा भाऊ सायकल टाकून मागच्या दाराने आत आला. घामाने निथळत होता.

"ताई, बंडी फाटकापलीकडे अडकली. छोट्या लाईनची गाडी फाटकातच उभी होऊन राहिली."

"काहून?"

"इंजिनातलं पाणी संपलं म्हन्ते. डायवर खाली उतरून बिडी पिऊन राहिला. मी सायकल खांद्यावर घेऊन डब्यांमागून आलो, पण बैल कसे आणू?"

सिस्टरबाई मटकन स्टुलावर बसल्या. समोर नवऱ्या मुलाचे मामा उठून उभे राहिले होते. मोठा माणूस, मोठा आवाज. "अरे भाई, खाना है कि नहीं? नहीं तो हम बस पकड़ते हैं. रास्ते में पूरी-भाजी खा लेंगे."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उपाशी उठून गेलं, तर ते त्या मुलीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. सिस्टरबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई, काही करा नं वं."

मी इकडेतिकडे पाहिलं, आणि मला कोपऱ्यात मफलर दिसला.

आमच्या लोकांत एक नियम असा की प्रार्थना सुरू असताना कोणी उठत नाही. राजा असो, पाळक असो, नाहीतर छिंदवाड्याचे मामा. मी काकांजवळ गेले.

"काका, जेवणाची प्रार्थना तुम्ही करा."

"घशाले बरं नाही."

"थोडी लांब झाली तरी चालेल."

काकांनी मान वळवली. "किती लांब?"

"फाटक उघडेपर्यंत."

त्यांचा चेहरा कडक झाला. "बाई, प्रार्थना म्हणजे काय टाइमपास आहे? लोकायले खिळवून ठेवासाठी मी देवासमोर उभा राहू?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सिस्टरबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, माह्या पोरीचे बाबा आजारी होते तेव्हा तुम्ही रोज घरी येऊन प्रार्थना करत होते. तवा मी कधी म्हटलं का, लांब झाली म्हणून?"

काकांचा हात गळ्याशी गेला. मग मफलरचा एक वेढा सुटला.

"टाइमपासाचं कामच नाही," ते म्हणाले. "कितीक महिन्यांचं टपाल माह्याजवळ पडून आहे." दुसरा वेढा सुटला. "पण बाई, तुम्ही आमेन म्हणाचं नाही."

"पातेली आत आली की म्हणेन. त्याआधी नाही."

काका पंगतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "आपण प्रार्थना करू." मामा खाली बसले, डोळे मिटले. मी दाराशी उभी राहून एक डोळा मिटला आणि दुसरा रस्त्यावर ठेवला.

तुम्हाला काय सांगू, ती प्रार्थना! देश झाला, सीमेवरचे जवान झाले, प्रांत झाला. कुहीच्या धानाला पाऊस मागितला, उमरेडच्या विणकरांच्या मागांना सूत मागितलं, संत्र्याच्या बागांवरची कीड आवरायला सांगितलं. म्हातारीचा गुडघा आला तेव्हा ती पंगतीतूनच "होय बापा, डावा" म्हणाली. रस्त्यावर ओझी वाहणारे बैल आणि माणसं यांच्यासाठी काकांनी मागितलं, आणि बंद पडलेल्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणूनही मागितलं. हे अगदी मनापासून होतं. नव्या जोडप्यासाठी मागितलं, आणि मुलीच्या वडिलांसाठी देवाचे आभार मानले, तेव्हा सिस्टरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "या आमच्या सर्व विनंत्या..." आणि सवयीने माझ्या घशाशी आमेन आलं. मी ते ओठांत दाबून धरलं. "आणि विशेषेकरून..." हा शब्द मला आयुष्यात पहिल्यांदाच गोड लागला.

तेवढ्यात एक बकरी आली.

ती बाजूच्या दाराने आत शिरली आणि वराकडच्या पंगतीच्या टोकाशी थांबली. सगळे डोळे मिटून. तिने मामांची पत्रावळ हुंगली आणि कडेपासून शिस्तीत खायला सुरुवात केली. हाकलायचं कोणी? हाकलणाऱ्याने डोळे उघडे ठेवले होते हे सिद्ध झालं असतं. मी हातवारे केले. बकरीने माझ्याकडे पाहिलं, मामांचा कांदा उचलला आणि चघळू लागली. कुरुमकुरुम आवाज येत होता. मामांना वाटलं असावं, शेजारी बसलेल्या भावाला धीर धरवत नाही. त्यांनी डोळे मिटूनच त्याला कोपराने ढोसलं.

आणि काका म्हणाले, "विशेषेकरून, हे प्रभो, जी मुकी जनावरं वाट चुकतात आणि दुसऱ्याच्या वाट्याचं खातात, त्यांना लवकर बाहेरचा रस्ता दाखव."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकांचा एक डोळा मिटलेला होता. दुसरा सताड उघडा होता आणि माझ्याकडे पाहत होता. इतकी वर्षं मी त्यांच्या प्रार्थना ऐकल्या, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गल्लीत कोणाचं काय दुखतं हे त्यांना कसं कळत होतं, तेही तेव्हाच समजलं. आम्ही एकमेकांकडे एकेका डोळ्याने पाहत उभे राहिलो. दोघांपैकी कोणीही आपला डोळा आधी मिटायला तयार नव्हतं.

मग बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बकरी बाहेर पळाली, पातेली आत आली, झाकणं निघाली आणि पुलावाची वाफ हॉलभर पसरली. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या सगळ्या पंगतीची नाकं एकदम वर झाली.

काका म्हणाले, "या आमच्या सर्व विनंत्या..." आणि श्वास घेतला.

घेतला, आणि धरून ठेवला. छाती फुगवून, एक डोळा माझ्यावर ठेवून ते थांबले. ती फट त्यांनी माझ्यासाठी सोडली होती.

मी आमेन म्हटलं. रंगवलेल्या भिंतींवरून ते परत माझ्याकडे आलं.

"मेरी पत्तल कहाँ गई?" मामांनी विचारलं. त्यांना दुसरी मिळाली. ते तीनदा पुलाव घेऊन जेवले आणि त्यांची बस चुकली. मग रात्रीच्या बसने सगळे आनंदाने गेले. त्या मुलीला सासरी एवढाच टोमणा ऐकावा लागला की नागपूरवाले फार प्रार्थना करतात, आणि तो तिने हसून सोसला.

पुढच्या बुधवारी काका मफलर न घालता आले. त्यांचं आणि माझं न बोलता ठरलं होतं. पहिलं विशेषेकरून त्यांचं, दुसऱ्याच्या आधी आमेन माझं. घरोघरच्या बायकाही शहाण्या झाल्या. पहिलं विशेषेकरून ऐकलं की एकजण हळूच उठून स्टोव्ह पेटवी. प्रार्थना चालू असताना उठायचं नाही, हा नियम तेवढ्यापुरता सैल केला होता. काका एका डोळ्याने तिकडे पाहत, आणि चहा उकळेपर्यंत म्हातारीचा गुडघा व्यवस्थित आटपून घेत.

तेव्हा आता तुझ्या टीचरला जाऊन सांग, आजीचं टॅलेंट आमेन. त्यांनी अधिक विचारलं तर हेही सांग की ते सगळ्यात जास्त कामी आलं तेव्हा आजीने ते तोंडात धरून ठेवलं होतं. आणि आईला म्हणावं, चहा बशीखाली झाकून ठेवू नकोस, साय धरते.