फ्लॅट गेला, सही राहिली

बँकेने घर लिलावात काढलं, असं सुरुवातीलाच सांगितलं की लोक हातातला वडापाव खाली ठेवून चेहरा पाडतात. खा तुम्ही निवांत. इथे रडारड नाही. घर केव्हाच गेलं होतं आणि आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहत होतो. दादा-वहिनी भाडं भरून, मी फुकट.

तिकडे अमेरिकेत मंदी आली आणि इकडे हडपसरात दादाची आयटीतली नोकरी गेली. हप्ते थकले, बँकेने फ्लॅट विकला. दादाला वाटलं, सुटलो. पण त्याच फ्लॅटवर त्याने एका पतसंस्थेचंही कर्ज काढलं होतं, फर्निचरसाठी. त्यांच्या वसुलीच्या साहेबांचे फोन सुरू झाले.

"अहो साहेब, फ्लॅटच राहिला नाही, आता त्याच्यावरचं कर्ज कसलं?"

"लिलावाचे पैसे बँकेचंच भागवण्यात संपले. आमच्या वाट्याला काय आलं? फ्लॅट गेला, सही राहिली. तुम्ही देत नसाल तर जामीनदाराकडे जातो."

जामीनदार म्हणजे वहिनीचे वडील. नारायण पेठ, सरकारी नोकरीतून निवृत्त, बोलणं मोजकं आणि धारदार. त्यांना दादाने सांगून ठेवलं होतं की ते कर्ज कधीच फिटलं. वहिनी एवढंच म्हणाली, "बाबांच्या दारात वसुलीवाला गेला, तर मी परत माहेरी तोंड नाही दाखवणार." दादा जेवायचाच बंद झाला.

आता मी तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलेला माणूस. मी साहेबांना फोन लावला, खाकरलो आणि मान ताठ केली. मान फोनवर दिसत नाही, पण आवाजात येते.

"जामीनदार बोलतोय. आपण इकडे नोटीस वगैरे पाठवू नये. जावयाला घेऊन मी स्वतः येईन. थोडी मुदत द्यावी."

"अहो काका, तुम्ही एवढं म्हणताय तर देतो की!"

माणूस इतका गोड निघाला की मी कोण आहे तेच विसरलो. आमच्या गावाकडे फोन ठेवायची एक रीत आहे. ती तोंडातून निघून गेली, "मग या की एकदा घरी, चहा घेऊ."

साहेबही साताऱ्याकडचे. असं बोलावणं मोडायचं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते डझनभर केळी घेऊन नारायण पेठेत हजर.

वहिनीला फोन आला. "जावईबापूंना घेऊन ये. आणि त्यांच्या त्या बोलक्या भावालाही."

आम्ही पोचलो तेव्हा साहेब अर्धा कप चहा पुढे घेऊन बसले होते. बाबांनी दादाकडे पाहिलं. "फिटलं म्हणाला होतात."

"लाज वाटली, बाबा."

"वाटायलाच हवी. पण सही माझीही आहे, आणि ती माझी नाही असं मी म्हणणार नाही. कमवताय का काही?"

दादाला नुकतीच एका छोट्या कंपनीत नोकरी लागली होती, निम्म्या पगारावर. साहेबांनी विचार केला. दंडव्याज माफ करा म्हणून कमिटीपुढे ठेवतो म्हणाले, आणि हप्ता त्या पगाराला झेपेल एवढाच बांधून दिला.

"हप्ता तुम्हीच भरायचा," बाबा दादाला म्हणाले. "मी दर महिन्याला फक्त विचारीन."

"काका," साहेब हसले, "यापेक्षा आमचं दंडव्याज परवडलं असतं."

दादाही हसला. किती दिवसांनी! वहिनीने आतून पोहे आणले, तर दोनदा मागून घेतले पठ्ठ्याने. साहेब गेल्यावर तो जिन्यावरून खाली उतरला तो शीळ घालत. मीही हळूच चप्पल शोधायला लागलो.

"चिरंजीव, आपण थांबा."

थांबलो.

"मी खाकरून बोलत नाही. दुसऱ्याच्या आवाजात शब्द द्यायचा नसतो. तुम्ही दिलात, तो मला पाळावा लागला."

"चुकलं, बाबा."

"ते दिसतंच आहे. आणि एक लक्षात ठेवा. या घरात आजवर मी कुणालाही 'या की चहाला' म्हटलेलं नाही. त्यांनी ते वाक्य सांगितलं आणि मला नक्कल करणाऱ्याचं गावसुद्धा कळलं. आता पाहुणे तुम्ही बोलावलेत, तर कपही तुम्हीच विसळा."