दादाच्या घराची पंधरावी खिडकी

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या नाशिकच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. तो शिकायला कुणीच तयार होईना. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्यापाशी थांबले. मी ते कौतुक समजलो. पुढे कळलं, माझ्या हातातलं काम थांबलं तरी कुणाचं अडत नव्हतं.

त्याआधी नकाशातल्या दार-खिडक्यांचा तक्ता आम्ही ट्रेसिंग कागदावर हाताने लिहायचो. डी-१ म्हणजे मोठं दार, डब्ल्यू-१ म्हणजे मोठी खिडकी, पुढे माप, लाकूड आणि नग. नग मोजण्यात माझी हमखास चूक व्हायची, सुताराकडे एक चौकट तरी उरायचीच. मशिनवर मात्र दार एकदा काढून त्याला नाव आणि माप चिकटवलं की झालं. नकाशात ते कितीही ठिकाणी ठेवा, शेवटी मशिन स्वतःच मोजून तक्ता काढतं. मला तर स्वर्ग हाती आल्यासारखं झालं.

सरावासाठी मी निफाडजवळ मळ्यात दादा बांधणार होता ते घर घेतलं. तक्ता इतका देखणा आला की त्याखाली मी हौसेने एकूण बेरीजही घातली. दारं सहा, खिडक्या नऊ, एकूण पंधरा. दारं-खिडक्यांची मिळून बेरीज सुताराला लागत नाही आणि गवंड्यालाही लागत नाही, म्हणून कुणी ती करत नाही. मी केली. रविवारी एसटीने कागद घेऊन गेलो.

दादाने नकाशा पाहिलाच नाही. त्याचं बोट थेट बेरजेवर गेलं.

"पंधरा? अरे, घराची दारं-खिडक्या मिळून सम पाहिजेत. एवढंही ठाऊक नाय आणि कॉम्प्युटर शिकतो!"

"मग एक वाढवा की," वहिनी आतून म्हणाल्या.

"कुठं वाढवू? ह्या अंगाला चुलत्याची भिंत, त्या अंगाला धान्याच्या कोठ्या. एक कमी करायची." बोट नकाशावर फिरलं आणि स्वयंपाकघरावर थांबलं. "ही काढ. मागचं दार हायच तिथं, उजेड येतोय."

वहिनी बाहेर आल्या. जुन्या घरात त्यांची चूल भिंतीकडे तोंड करून होती. कोण आलं, कोण गेलं, हे त्यांना पाठीमागून आवाज आला की कळायचं. नव्या घरात ओट्यासमोर खिडकी पाहिजे, तिच्यातून द्राक्षबाग आणि रस्ता दिसला पाहिजे, एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं.

"भाऊजी, तुमच्या मशिनला मोजायला माझीच खिडकी जास्त झाली का हो?"

बेरीज घातली नसती तर दादाने जन्मात मोजलं नसतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पुढचा आठवडा मी ऑफिसचं काम कमी आणि दादाचं घर जास्त केलं. शेवटी मागचं दार सरकवून खिडकीला चिकटवलं. दोन्ही एकाच चौकटीत, मधला खांब सामाईक. आमच्या धंद्यात अशा जोडीला डीडब्ल्यू म्हणतात आणि ती तक्त्यात एकच नग धरतात. दारं पाच, खिडक्या आठ, डीडब्ल्यू एक. चौदा. या वेळी बेरीज मुद्दाम ठळक काढली.

पुढच्या रविवारी दादाने बोटांवर मोजलं. "पंधराच हायत. मला काय येडा समजतो? हे घे, ही दोन."

"चौकट एक आहे दादा. मशिनसुद्धा एकच धरतं."

"मशिनची वास्तुशांत करायचीय का मला?"

माझं सगळं शिक्षण तिथेच संपलं. वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दाराची पूजा करतात ती कशाची हो? चौकटीची का भोकाची?"

"चौकटीची," दादा म्हणाला.

"मग ह्या चौकटीला नारळ एक फोडणार का दोन?"

दादाने नकाशा पुन्हा जवळ घेतला, लांब धरला. "एक," तो म्हणाला. मग नकाशाची गुंडाळी करत, "चौदा म्हणजे चांगलाच आकडा हाय."

पुढच्या उन्हाळ्यात घर झालं. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दादा चौदा चौकटी मोजून दाखवत होता. मागच्या दाराशी आला की तिथे हात ठेवून म्हणायचा, "ही एकच बरं का, आतून एकच हाय."

मी स्वयंपाकघरात डोकावलो. वहिनी ओट्यापाशी होत्या आणि खिडकी बंद होती.

"काय हो, एवढं भांडून मिळवलेली खिडकी लावून घेतलीत?"

"हळू बोला. शेताकडचा वारा लय येतोय, स्टोव्ह पेटूच देत नाय." त्यांनी काडी ओढली, ज्योत धरू दिली आणि मग हलकेच एक झडप उघडली. रस्त्यावरून कुणीतरी येत होतं. ते कोण, हे त्या बघत राहिल्या.

"खिडकी लावून घेते ते ह्यांना सांगायचं नाही हं," त्या म्हणाल्या.