बिशपसाहेब पुढे गेले

वेदीच्या कठड्यापाशी मी गुडघे टेकून होते. डाव्या तळव्यावर उजवा, उघडा. बिशपसाहेबांनी शेजारी आईच्या हातावर प्रभुभोजनाची भाकर ठेवली. मग माझ्यासमोरून ते पुढे गेले. पलीकडच्या बाईला दिली. तिला वाटलं, चुकून राहिलं. तिने माझ्याकडे खूण केली. त्यांनी मान हलवली. नाही. सदर भागातल्या त्या चर्चमध्ये त्या दिवशी सगळी मंडळी हजर होती. मी तळवे मिटले नाहीत. सुचलंच नाही.

कारण साधं होतं. तीन रविवारांपूर्वी बुटीबोरीत, भाड्याच्या खोलीत, कामगार कुटुंबांची उपासना होती. मी शास्त्रवाचनाला, म्हणजे बायबलमधला उतारा वाचायला, गेले होते. उपदेश करणारे पाळक आलेच नाहीत. तासाभराने एक कामगार म्हणाला, "ताई, आमाले दुपारच्या पाळीवर जाणं हाय. तुमीच सांगा दोन शब्द."

मी दहा मिनिटं बोलले.

बाईने उपदेश करायचा नाही, ही बिशपसाहेबांची शिकवण. ते वाईट माणूस नाहीत. चर्चची गाडी नाकारून स्कूटरने फिरतात. उपासनेआधी पाण्याचा घोट घेत नाहीत. जुनं प्रार्थनापुस्तक त्यांना तोंडपाठ. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा ते रोज आले. मला वाचायला उभं केलं तेही त्यांनीच. वाचलेलं चालतं. त्याचा अर्थ सांगितलेला चालत नाही.

उपासनेनंतर त्यांनी ऑफिसात बोलावलं. टाईप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात माझ्या नावाने लिहिलं होतं: मी मर्यादा ओलांडली, क्षमा असावी. सही केली की पुढच्या वेळी भाकर.

"मुली, राग नाही. नियम आहे."

मी विचारलं, न आलेल्या पाळकांकडून काही लिहून घेतलं का?

"तो वेगळा विषय आहे."

मी पेन खाली ठेवलं. कागद घेऊन घरी आले.

आठवडाभर आई मागे लागली होती. "कर नं वं सही. तुहं काय जाते? लोकं मले विचारून राहिले, पोरीनं कोणतं पाप केलं म्हणून." मी कामाला जात होते, जेवत होते. आत काही हलत नव्हतं. फक्त ते एक वाक्य शाबूत होतं. वेगळा विषय.

शनिवारी मी कागद सही न करता परत पाठवला. सोबत माझी चिठ्ठी: "उद्या सकाळी नऊ वाजता बुटीबोरीत मी उपदेश करणार आहे. परवानगी मागत नाही. कळवते आहे."