तात्यांची आखणी

हमरापूरच्या आमच्या गणपती कारखान्यात पावसाळ्यात मूर्ती लवकर वाळत नाहीत, आणि हात रिकामे असले की तोंडं चालतात. किस्से साठतात ते असे. माझ्याकडचे निम्मे तात्यांचे. तात्या आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. ते काम सगळ्यात शेवटी आणि फक्त त्यांच्या हातचं.

*

कुंदा रंगकामाला नवीन लागली होती. भरदुपारी ब्रश टाकून उठली. "तात्या, पाठीमागून कोनतरी बघतंय माझ्याकडं."

पाठीमागे मूर्तींची रांग होती. एकीचेही डोळे झालेले नव्हते.

"डोळे कधी मिळतील म्हनून ताटकळलेत गो. तू आपलं काम कर," तात्या म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

कुंदा त्या दिवसापासून भिंतीला पाठ लावून बसते.

*

एकदा एका मूर्तीचा एकच डोळा आखून झाला आणि लाइट गेली. मी चहाला उठलो, तर तात्यांनी हात धरला.

"बस खाली. एका डोळ्यानं त्याला अर्धंच दिसतं. तुला घरचा समजून पाठी येईल."

मी हसलो खरा, पण लाइट येईपर्यंत जागचा हललो नाही. चहावाला हाका मारून निघून गेला.

*

पुढे तात्यांचीच नजर उतरायला लागली. पेणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे तीही टिकणार नाही. म्हातारा खचणार, असं आम्हाला वाटलं.

"अंधाराला कोन भितो?" तात्या म्हणाले. "येवढा सीझन निभावू दे. एक जरी मूर्ती कोऱ्या डोळ्यांची बाहेर गेली, तर मला झोप लागायची नाय."

मला फार वाईट वाटलं.

*

त्याच सीझनला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, रोह्याकडच्या डोंगरवाडीतला रामजी मूर्ती घेऊन गेला. चेहऱ्यावर रूमाल बांधून न्यायची, तो घरी पूजेलाच सोडायचा, ही रीत. संध्याकाळी ब्रश धुताना तात्या थांबले.

"कुंदे, रामजीच्या मूर्तीचे डोळे झाले व्हते काय गो? मी हात लावल्याचं आठवत नाय."

कुंदा रडायलाच लागली. "गर्दीत मी न बघताच रूमाल बांधला."

चतुर्थीच्या सकाळी पहिल्या एस.टी.नं तात्यांना घेऊन निघालो. फाट्यावर उतरून डोंगर चढलो. ब्रश कागदात गुंडाळून त्यांनी खिशात धरला होता. ठेचकाळत होते, पण बसायला तयार नव्हते. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"रूमाल अजून सोडला नाय," रामजी म्हणाला. "तुमीच सोडा, तात्या."

तात्यांनी चाचपडत गाठ सोडली. मी वाकून बघितलं. दोन्ही डोळे आखलेले होते, तात्यांच्याच हातचे, डावी भुवई जराशी उचललेली. बोट लावलं तर रंग ओला.

ब्रश अजून तात्यांच्या खिशातच होता.

"तात्या, डोळे झालेत," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी मूर्तीकडं तोंड केलं, मग दाराकडं. दारातून लख्ख उजेड आत आला होता.

"रामजी," ते म्हणाले, "येवढ्यात दिवा कशाला इझवलास रे?"