उस्तादांचा पाव्हणा

उस्ताद पोत्याशी बोलायचे. आजारी माणसाशी बोलावं तसं, वाकून, उत्तराची वाट बघत. परेडच्या मैदानाकडेला लिंबाच्या फांदीला ते टांगलेलं असे. आत भुसा, वर सुतळीनं आवळून केलेलं डोकं, अंगात जुना खाकी शर्ट. आम्ही त्याच्यावर लाठी चालवायला शिकायचो. उस्ताद त्याला 'पाव्हणा' म्हणत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शिरूर तालुक्यात पोलीस शिपाई म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. उस्ताद हुद्द्यानं हवालदार. पण शुक्रवारची लाठीची कवायत तेच घेत, म्हणून साहेबांपासून सगळे त्यांना उस्तादच म्हणत. त्यांचं शिकवणं थोडक्यात असे. "आधी आवाज, मग काठी. काठी गुडघ्याच्या खाली. दाराच्या म्होरं उभं राहायचं न्हाई, बाजूला राहायचं. आन् माणसाचं हात बघायचं, तोंड मागनं."

पहिल्याच महिन्यात मी ईर्षेनं पाव्हण्याच्या डोक्यातच काठी घातली. सुतळी तुटली, भुसा सांडला. उस्तादांनी परेड थांबवली. पोत्यापाशी जाऊन हळूच विचारलं, "लागलं का रं?" मग कान लावून उभे राहिले. चांगला मिनिटभर. कुणी हसलं नाही. नंतर मला म्हणाले, "पोरी, ओलं फडकं आण. मी सांगंस्तवर त्याच्या डोक्यावर धरून उभी राहा."

बाकीचे गेले. दुपारचे बारा वाजून गेले होते. मैदानात चिटपाखरू नव्हतं. लिंबाचं पान हलत नव्हतं, तरी पोतं दोरीवर सावकाश फिरत होतं आणि प्रत्येक फेरीला माझ्याकडे वळलं की थांबत होतं. एकदा माझ्या तळव्याखाली काहीतरी वर आलं आणि खाली गेलं. भुसा बसत असेल. पण मी हात काढला नाही. काढायचीच भीती वाटली.

त्याच उन्हाळ्यात वडगाव रासाईकडच्या एका मळ्यात एक माणूस कोयता घेऊन घरात कोंडून बसला. बायको लेकरांना घेऊन शेजारच्या वस्तीवर पळाली होती. उस्ताद आणि मी गेलो. दुपारी उसाच्या पानांची सळसळसुद्धा नव्हती. मी सरळ दाराकडे निघाले, तर उस्तादांनी दंडाला धरून मला भिंतीशी ओढलं. काठीच्या टोकानं दार वाजवलं. "दादा, मी पोलीस हाय. बोलायला आलोय." आत काहीच नाही. त्यांनी पुन्हा तेच शब्द त्याच आवाजात म्हटले. तेवढ्यात फळी फोडून कोयत्याचं पातं बाहेर आलं. मी उभी राहणार होते तिथं, छातीच्या उंचीवर.

कोयता फळीतच अडकला. दार उघडून तो माणूस बाहेर धावला आणि मी काठी उचलली. ती त्याच्या डोक्यावर पडायच्या आत उस्तादांनी हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो माणूस जागच्या जागी बसला आणि रडायला लागला. दोन्ही हात रिकामे.

दवाखान्यात मनगटाला प्लास्टर चढलं. मी शेजारी मान खाली घालून बसले होते. उस्ताद म्हणाले, "रडू नगं. मी तुझ्याएवढा असताना परजिल्ह्यात बंदोबस्ताला व्हतो. पळापळीत एक जण वाकला. मला वाटलं, दगड उचलतोय. डोक्यात घातली. चप्पल उचलत व्हता. तीन दिस जगला, शब्द बोलला न्हाई. बेवारस गेला. चौकशीत कुणाची काठी ते निघालं न्हाई, आन् मी बी बोललो न्हाई."

मी विचारलं, "पाव्हण्याशी काय बोलता, उस्ताद?"

"नाव इचारतो."

"आणि?"

"त्यो सांगतो की. दर शुक्रवारी येगळं." हजेरीची वेळ सांगावी इतक्या सहज ते बोलले. "या बारीला धोंडिबा म्हणला. आन् गाव पयल्यांदाच सांगितलं. खुटबाव."

"एकट्यानं कुठं जायचं न्हाई," म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. खुटबावात पारावर विचारलं, "घरातनं गेलेला, परत न आलेला धोंडिबा म्हणून कुणी?" पारावरच्या म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. "पांढऱ्या घरात त्याची आई हाय. मेंढरं इकून कामाला म्हणून गेला, तो गेलाच."

आईला नीट दिसत नव्हतं. उस्ताद तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एक शब्द न चोरता सगळं सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "पाणी पाजलं व्हतं का त्याला?"

"व्हय. मीच पाजलं."

"मंग तोच. त्याला तहान लई लागायची."

तहान कुणाला लागत नाही, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी उस्ताद पोत्यापाशी बराच वेळ उभे राहिले. "आज गप हाय," म्हणाले आणि त्यांनी कवायत सुरू केली. त्याच आठवड्यात त्यांनी साहेबांना सगळं लेखी दिलं. परजिल्ह्यातली ती जुनी फाइल मात्र कुणाला सापडली नाही. वर्षभरात ते निवृत्त झाले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. ते खुटबावला राहायला गेले.

दोन वर्षांनी मी दौंडला कोर्टाच्या कामाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेले. उस्ताद त्याच पांढऱ्या घराच्या ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. केस पांढरे झाले होते, मनगट वाकडंच जुळलं होतं. मी अंगणातून हाक मारली, "उस्ताद!" त्यांनी मान वर केली नाही. जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. शेंगा निवडणारा हात थांबला नाही.

आतून म्हातारीचा बारीक आवाज आला, "धोंडिबा..."

"ओ," ते म्हणाले आणि उठून आत गेले.