जयवंताची भीती

केळझरच्या पुढं, बोरच्या जंगलाला खेटून असलेल्या एका वस्तीत जयवंता राहते. पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पवनारच्या आश्रमातल्या बायांजवळ बसून बसून ती डोळे मिटून गप्प राहायला शिकली. पहाटेचं ते बसणं तिला भाकरीइतकंच लागायचं. पण ते गेल्या चैतापर्यंत.

चैतात मोहफुलं वेचताना वाघिणीनं तिच्या धाकट्या जावेला, सीताबाईला, उचललं. जयवंता शेजारच्याच झाडाखाली होती. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. तेव्हापासून डोळे मिटले की कानात पाचोळा वाजू लागायचा. शांत व्हायला बसायची आणि घामानं थबथबून उठायची. पवनारला जाऊन तिनं हे सांगितलं, तर तिथली एक म्हातारी बहीण म्हणाली, "भीतीला हाकलू नकोस. तिला शेजारी बसू दे." जयवंतानं मान डोलावली. मनात मात्र म्हणाली, बाई, तुमच्या कुंपणाशी वाघ येत नाही.

माघात त्याच वाघिणीनं सीताबाईच्या नवऱ्याची, तानबाची, गाय मारली आणि नाल्याच्या वाळूत ओढून नेली. दुपार कलली तेव्हा जयवंता वावरात उपटलेल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, मोळ्या बांधत होती. तानबा नाल्यातून वर येताना दिसला. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. वास नाकात शिरला आणि सगळं तिच्या ध्यानात आलं: मेलेल्या गायीवर यानं विष ओतलंय.

"भाऊजी, काय केलं हे?"

"करायले पायजे तेच केलं. आज वाघीन येईन खायले, अन् इथंच पडीन."

"तिच्यासंगं पिल्लं आहेत. कुत्रे खातीन, घारी खातीन. अन् हे पानी खाली विहिरीत उतरते ना!"

"मरू द्या सगळे!" तानबाचा आवाज चिरकला. "माही सीता मेली तवा कोनाले दया आली वयनी? तुमी तं तिथंच होत्या."

तो घराकडे निघून गेला. जयवंता तिथंच खाली बसली. फॉरेस्टवाल्यांना सांगावं तर बायको गेलेला माणूस तुरुंगात जाईल. गप्प राहावं तर नाल्यात किती जीव मरतील. तिला दोन्हीकडून भ्या वाटत होतं. शेवटी तिनं एक मोळी डोक्यावर घेतली. गाय जाळून टाकायची, दुसरं काय?

ती नाल्यात उतरली. गायीवर माशा घोंघावत होत्या. बाजूला ओल्या वाळूत मोठ्या पंजाला लागून लहान पंजे उमटले होते. जयवंतानं मोळी टाकली, वर गेली, दुसरी आणली. पळसाचं पान पडलं तरी ती दचकून थांबायची. ढीग गायीच्या पाठीपर्यंत आला. वावरातल्या पाणी ओढायच्या इंजिनाजवळची डिझेलची कॅन आणून तिनं ओतली. माचिस काढली आणि समोरच्या काठावर गुरगुर ऐकू आली.

वाघीण झुडपात उभी होती. कान मागे, नजर सरळ जयवंतावर.

जयवंताचं लुगडं ओलं झालं. डोळे मिटायची सोय नव्हती. उघड्या डोळ्यांनीच तिनं श्वास धरला: आत आला, बाहेर गेला. भीती गेली नाही. भीती छातीत होती, गुडघ्यांत होती, दातांत होती. फक्त त्या भीतीनं जयवंताला धावायला लावलं नाही. वाघिणीबद्दल माया वगैरे काही दाटून आली नाही. एवढंच कळलं की समोरचा जीवही पिल्लांपायी ताठलेला आहे.

मागे वाळू करकरली. तानबा काठी घेऊन आला होता. वाघीण दिसली तसा जागीच थिजला.

"पाठ दाखवू नोका," जयवंता कुजबुजली. "हळूच माह्याजवळ या."

तो सरकत आला. तिनं त्याचं मनगट धरलं. ते तिच्या हातासारखंच लटलट कापत होतं. दोघं किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मग झुडूप हललं आणि काठ रिकामा झाला.

तानबानं काठी वाळूत टेकवली. "मोळ्या नेताना पाह्यलं मी तुमाले. म्हटलं, आता हेबी जाते. घरात एकबी बाई उरनार नाई."

"काडी ओढवत नाई भाऊजी मले."

त्यानं माचिस घेतली. "वाघिनीसाठी नाई लावून राह्यलो मी. तुमी घरी चाला म्हनून लावून राह्यलो." जाळ भडकला. दोघं उलट्या पावलांनी वावरात चढले.

सकाळी गावातली माणसं घेऊन त्यांनी उरलेलं खोल पुरलं. तरी नाल्यात कावळे मरून पडलेले सापडलेच. वाघीण वाचवली म्हणून गाव जयवंतावर चिडलं. "पुढच्या मुर्द्याले तू जबाबदार," असं एकीनं तोंडावर सांगितलं. त्या बाईची लेक रोज जंगलकाठानं शाळेत जाते, म्हणून जयवंता उलट बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्या पोरीला रस्त्यापर्यंत सोडायला जाऊ लागली. जाताना दोघी एकमेकींचा हात धरून भराभर चालायच्या.

यंदाच्या चैतात बाया थाळ्या वाजवत, घोळक्यानं मोहाला गेल्या. तानबा काठी घेऊन मागे चालत होता. सीताबाई गेली त्या झाडाखाली तो थांबला आणि त्यानं एकदम विचारलं, "वयनी, तुमी कशा बसता ते?"

"बसा. श्वास पाहा. भ्या वाटलं तं वाटू द्या."

तो बसला. जयवंता शेजारी बसली. थोडा वेळ गेला असेल नसेल, मागे पाचोळा सरसरला. वानर होतं की आणखी काही, कुणी वळून पाहिलं नाही. दोघंही उठले आणि धावतच बायांच्या घोळक्यात शिरले.